लोधीखेड्याचा 'जुना' नकाशा : कुठला जुना?



आपल्या लोकांच्या बैठकीत सध्या एक नवीन फॅशन आली आहे. गावाच्या नकाशाची फ्रेम. चहात बुडवल्यासारखा कागद, कोपऱ्यात होकायंत्र, खाली झोकदार अक्षरांत 'लोधीखेड़ा', नुक्त्यासकट. वास्तूच्या आहेरात देतात म्हणे. मी नागपुरात पाहिली, पुण्यात पाहिली. कोणाला राग येईल, येऊ द्या. पण हा नकाशा जुना नाही बाप्पा. मोबाइलवरच्या आजच्या रस्त्यांवर तपकिरी रंग ओतलाय, बस.

खूण सांगतो. त्यात रेल्वेची आजची मोठी लाइन आहे. आपली अडीच फुटी छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली. सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत ती गाडी घाट चढून छिंदवाड्याला जायची. निम्म्या गावाचे सोयरे तिनं जोडले. मग तिच्याशिवायचा नकाशा जुना कसा?

आणि जाम नदी? पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिच्या पात्रात गोटमार होते, तीच ही. फ्रेममध्ये बिननावाची निळी रेघ. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर आपल्या गावाचं नाव झालं. गुंड, गंगाळ घडवताना ज्या गल्लीत बोललेलं ऐकू यायचं नाही, ती गल्ली तिथं एक पांढरा पट्टा आहे. होकायंत्र मात्र झकास! आपल्याकडं जहाजं कधी लागत होती, देव जाणे.

खरे नकाशे नाहीत असं थोडंच आहे. ७८ रेखांशाजवळून देश मोजत निघालेला लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, म्हणजे आपल्यापासून काही फार दूर नाही. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकात आपला मुलूख '५५ के' शीटमध्ये येतो. तेही साहेबाच्या नजरेचे नकाशे, कबूल. पण ते कोणीतरी पायी हिंडून, मोजून केलेले आहेत.

एवढं काहून बोलतो? १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. महाराष्ट्राच्या नकाशात आपण नाही. २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होतो, आता पांढुर्णा जिल्हा. पाट्या बदलत गेल्या, आपण घरात मराठीच बोलत राहिलो. अशा गावाची आठवण कागदावर नसेल तर ती फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते. आणि आपण काय करतो? गावचं घर विकतो, अन् भिंतीवर फ्रेम लावतो. काकाजींना मात्र विचारत नाही की विहीर कुठं होती, बाजार कुठं भरायचा.

पोळ्याला मी गावात आहे. मोठा ड्रॉइंगचा कागद आणि पेन्सिली घेऊन येतो. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस आहे, त्यांनी खाली लिहा, मी घरी येऊन बसतो. आपापल्या गल्लीचं जुनं नाव आठवत असेल तर तेही टाका, हिंदीत नको, घरात म्हणता तसं.