फोटो काढा, पण पाय टेकवून

मागच्या शनिवारी रात्री आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला, "उद्या बोपदेव. नो फोटो स्टॉप. ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी मागून निवांत यावं." नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण हा बाण कुणावर आहे ते सगळ्यांना बरोब्बर कळलं. कारण दर राइडला "अरे थांबा थांबा, लाइट बघा काय आलाय" म्हणून ओरडणारा महाभाग आमच्यात एकच आहे. तो म्हणजे अस्मादिक!

मी तडकाफडकी उत्तर टाइप केलं. चांगलं दहा ओळींचं, मुद्देसूद. आणि मग पुसून टाकलं. का पुसलं ते पुढे सांगतो. पण आठवडाभर ते उत्तर डोक्यात घोळतंय, तेव्हा म्हटलं आज एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी कबुली देतो. मी फोटो काढायला लागलो ते काही कलेच्या ओढीने नाही. 2013 साली पहिली रोडबाईक घेतली तेव्हा मी ग्रुपमधला सगळ्यात स्लो मेंबर होतो. दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारा माणूस, घाटात फुप्फुसं हातात यायची. "दम लागलाय, थांबू या" असं म्हणायला लाज वाटते. पण "जरा एक फोटो काढतो" म्हणायला काही वाटत नाही! त्या एका वाक्यावर मी पहिलं वर्ष काढलं. खडकवासल्याच्या पाण्यावरचं धुकं, दिवे घाटातून खाली दिसणारा मस्तानी तलाव, सासवडला मिसळीवर तुटून पडलेली मंडळी... सगळे फोटो मुळात दम खायला काढलेले आहेत.

पुढे थोडा दम वाढला आणि एक गोष्ट लक्षात आली. मी थांबलो की माझ्या मागचेही येऊन थांबतात. आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी तोच भाव असतो, 'बरं झालं बाबा कुणीतरी थांबलं.' कुठल्याही ग्रुपमध्ये एक-दोन जण शेवटी असतातच. बोपदेव तसा लहानसा घाट, पण चढ अंगावर येतो. पुढचे वर पोचून, चहा पिऊन, गार होऊन निघायच्या तयारीत असतात आणि हे बिचारे तेव्हा धापा टाकत पोचतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. असा माणूस चार रविवार येतो, पाचव्या रविवारी त्याच्याकडे पाहुणे येतात, आणि सहाव्यापासून तो फक्त ग्रुपवर लाइक देण्यापुरता उरतो. आमच्या ग्रुपमधले असे तीन जण मी बोटावर मोजून दाखवीन.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. थांबलं की लय तुटते, पाय गार पडतात, ऊन चढतं, घरी नऊच्या आत पोचायचं असतं. हे सगळं मान्य. पण "ॲव्हरेज पडतं" हा जो मुद्दा येतो ना, तिथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. स्ट्रावा राइडचा सरासरी वेग काढताना मूव्हिंग टाइम धरतं, म्हणजे चाक फिरत असतानाचा वेळ. तुम्ही पाच मिनिटं उभे राहून फोटो काढलात तर त्या आकड्याला धक्कासुद्धा लागत नाही. हां, एखाद्या सेगमेंटच्या मध्येच थांबलात तर त्याचं टायमिंग गेलं, कारण तिथे घड्याळ चालूच असतं. मग घाट संपल्यावर थांबा की! आणि ब्रेव्हेवाल्यांचं घड्याळ थांबत नाही हेही खरं. पण 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. ताशी 22 च्या वेगाने गेलात तर सायकलवर नऊ तासांच्या जरा वर जातात. खाणंपिणं, पंक्चर, सगळ्यासाठी मिळून चार तासांहून जास्त वेळ हातात उरतो. त्यात दहा फोटो बसत नाहीत?

असो. आता मी ते उत्तर का पुसलं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. डोणजे सोडून पानशेतच्या रस्त्याला लागलो होतो. उजव्या हाताला धरणाचं पाणी, समोर ढगात बुडालेले डोंगर, रस्ता नुकताच धुतल्यासारखा. आम्ही सहा जण चाकामागे चाक लावून मस्त लयीत चाललो होतो. मी चौथा. आणि मला मोह झाला. थांबलो असतो तर ती रांग मोडली असती, फ्रेम गेली असती. म्हणून चालत्या सायकलवरच जर्सीच्या मागच्या खिशातून फोन काढला.

आता हिशोब बघा. ताशी 30 म्हणजे सेकंदाला आठ मीटर. फोनकडे दोन सेकंद बघितलं तर सायकल सोळा-सतरा मीटर आंधळी गेली. माझ्या सायकलवर उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, आणि खरा थांबवणारा ब्रेक तोच. उजव्या हातात फोन, म्हणजे तो ब्रेक नाहीच. पुढच्याने खड्डा दिसला म्हणून जरासा वेग कमी केला, त्याचं मागचं चाक आणि माझं पुढचं चाक एकमेकांना लागलं, आणि मी आडवा. पुढच्याला काहीही झालं नाही. मला कोपराला खरचटलं. पण माझ्या मागे जो होता त्याला थांबायला जागाच नव्हती. तो माझ्यावरून गेला आणि खांद्यावर पडला. कॉलरबोन मोडलं.

सहा आठवडे हात गळ्यात. त्याने ज्या ब्रेव्हेसाठी चार महिने तयारी केली होती ती हुकली. त्याच्या बायकोने मला हॉस्पिटलमध्ये एक शब्दही ऐकवला नाही, उलट चहा विचारला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अर्धं आभाळ आणि कुणाचं तरी हेल्मेट, सगळं हललेलं. डिलीट केलेला नाही, मुद्दामच.

आणि शनिवारी 'नो फोटो स्टॉप'चा मेसेज टाकणारा तोच!

त्याचा तो हक्क आहे, म्हणून मी गप्प बसलो. पण तरीही मला वाटतं, त्याचा निष्कर्ष चुकतोय. तो अपघात फोटोसाठी थांबल्यामुळे झाला नाही, न थांबल्यामुळे झाला. मी पाय टेकवला असता तर फार तर तीस सेकंदांची शिवी खाल्ली असती. आणि 'थांबायचं नाही' असा नियम केला तर फोटो काढायची खाज काय जाणार आहे? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आज मी थांबून काढतोय, उद्या दुसरा कुणीतरी चालत्या सायकलवर काढील.

शिवाय थांबून काढलेला फोटो फोटो म्हणूनही बरा येतो. घाटाच्या वळणाच्या जरा वर, रस्त्याच्या बाहेर, मातीत उभं राहायचं. कॅमेरा छातीशी न धरता हँडलबारच्या उंचीला न्यायचा, चढ खरोखर चढासारखा दिसतो. शटर 1/60 ला ठेवून येणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवला तर माणूस बऱ्यापैकी स्थिर आणि चाकांच्या तारा फिरताना दिसतात. 1/1000 ला काढलात तर तारा गोठतात आणि सायकल स्टँडला लावल्यासारखी वाटते. नुसत्या सायकलचा फोटो काढायचा असेल तर चेनची बाजू कॅमेऱ्याकडे. ह्यावर आमच्यात सगळ्यांचं एकमत आहे, बाकी कशावर नाही!

एवढा आग्रह कशाला, असं कुणी विचारेल. माझे बाबा बावीस वर्षं रोज सायकलने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचे. शिफ्ट सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, त्यात आपले बाबा ओळखायचे हा माझा लहानपणीचा खेळ होता. त्यांच्या त्या हर्क्युलसचा एकही फोटो आमच्या घरात नाही. छत्तीस फोटोंचा रोल असायचा, तो लग्नामुंजीला पुरवून वापरायचा. सायकलचा, आणि तोही रोजच्या सायकलचा, फोटो कोण काढणार? त्यांच्याबरोबर सायकलने जाणारे चारपाच मित्र होते. त्यातल्या दोघांची नावं आता बाबांनाही आठवत नाहीत.

आमच्या ग्रुपचे आज हजारो फोटो आहेत. पण त्यात सूर्योदय किती आणि माणसं किती, हे मोजायची मला भीती वाटते.

तर माझा प्रस्ताव असा. एका राइडला तीनच थांबे. कुठे ते शनिवारी रात्रीच ठरवायचं, शक्यतो चढ संपतो तिथे. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय फोटो नाही, आणि त्याने पाणी पिऊन श्वास घेतल्याशिवाय निघायचं नाही. चालत्या सायकलवर फोन काढणाऱ्याने सगळ्यांच्या मिसळीचं बिल द्यायचं, पहिला गुन्हा असला तरी. कॅमेरा आळीपाळीने. दहा वर्षांच्या फोटोंत मी जेमतेम आठ-दहा ठिकाणी आहे, त्यातही दोनदा नुसती सावली.

आज संध्याकाळी हे सगळं त्याच्या घरी जाऊन त्याला वाचून दाखवणार आहे. पटलं तर उत्तम. नाही पटलं तर त्याच्या मागून निवांत येईन, म्हणजे शेवटच्या माणसाला सोबत तरी होईल.

उद्या पावणेसहाला कोंढव्यात. कॅमेरा आणतोय.