आकडा दिसत नसेल तर पाना काय कामाचा?

आपण सॉफ्टवेअरवाले ऑफिसात एका बटणाच्या रंगावरून तासभर भांडतो. आणि घरी? चकचकीत पान्यावर चकचकीतच ठसा, तोही मुंगीएवढा! १२ की १३ हे कळायला पाना ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा. याला म्हणे 'प्रोफेशनल फिनिश'!

माझं स्पष्ट मत: ज्याचा आकडा हातभर अंतरावरून वाचता येत नाही तो पाना घेऊच नये. पुण्यात बोहरी आळीत गेलात की शंभर नगांचा सेट पुढे येतो. घरी लागतात किती? एम ६ च्या बोल्टला १०, एम ८ ला १३. सात-आठ पाने खूप झाले.

आता गंमत बघा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. जुन्या इंची नटवर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की सटकतो. नटचे कोपरे गोल, बोटं सोललेली. म्हणून इंच आणि मिमी एका डब्यात नकोतच.

उपाय सोपा आहे. ठशात पांढरा ऑइलपेंट भरा, वरचा फडक्याने पुसा. इंचवाल्यांना लाल टेप. पेंट वाळला की तेलाचा हात फिरवा, नाहीतर इथे लवळ्याच्या पावसाळ्यात गंज आकडाच खातो. मग भिंतीवर लहान ते मोठा, आकडा समोर.

"मला दिसतं की!" म्हणाल. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतंच. आज बाबा विचारतात, "बघ रे, किती लिहिलंय?" उद्या आपण विचारू. असो.