'महिन्याला किती?' हा प्रश्न बंद करूया

गणपतीच्या आरतीनंतर हॉलबाहेर कुणाची नवी गाडी उभी दिसली की अभिनंदनाच्या मागोमाग ठरलेला प्रश्न येतो: "महिन्याला किती पडते?" उत्तरही ठरलेलंच, "फोर नाइंटी नाइन." ऐकणारा तो आकडा मनातल्या मनात आपल्या हप्त्याशी ताडून पाहतो. कमी भरणारा हुशार, जास्त भरणारा फसलेला, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. मला हा निकाल मान्य नाही. शोरूममधला विक्रेताही नमस्कार-चमत्कार झाल्यावर पहिल्यांदा हेच विचारतो, की महिन्याला किती झेपेल? तो विचारतो कारण त्यात त्याची सोय आहे. आपण आपापसात तेच विचारत राहिलो, तर त्याचं काम आपणच फुकटात करतो.

हप्ता ही एक किंमत नाही. गाडीचा भाव, जुन्या गाडीचे आलेले पैसे, डाउन पेमेंट, व्याजाचा दर आणि मुदत या सगळ्यांचं ते मिश्रण असतं. बरेच डीलर अजूनही एका कागदावर चार चौकोन आखून समोर ठेवतात: भाव, ट्रेड-इन, डाउन पेमेंट, हप्ता. आपण भावाच्या चौकोनात पाचशे डॉलर कमी करून घेतले की ते ट्रेड-इनमधून किंवा मुदतीतून अलगद परत जातात. शेवटच्या चौकोनातला आकडा मात्र आपल्याला हवा तसाच दिसतो.

आकड्यांतच बोलायचं तर ३२,००० डॉलरचं कर्ज घ्या. साडेपाच टक्क्यांनी ६० महिने फेडलं, तर हप्ता साधारण ६११ डॉलर बसतो. तेच कर्ज साडेसात टक्क्यांनी ७२ महिन्यांसाठी घेतलं, तर हप्ता ५५३. पार्किंगमधल्या गप्पांत ५५३वाला जिंकणार. प्रत्यक्षात तो एकूण सुमारे ३,१६० डॉलर जास्त भरणार, आणि वर्षभर जास्त काळ भरत राहणार.

आता हे दोन टक्के कुठून येतात, ते पाहू. आपल्या लोकांना भावाची घासाघीस चांगली जमते. इंटरनेटवर भाव बघून, तीन डीलरांना ईमेल टाकून, एकाला दुसऱ्याचा आकडा दाखवून आपण व्यवस्थित उतरवून घेतो. मग हात मिळवले जातात, आणि विक्रेता आपल्याला आतल्या खोलीत फायनान्स मॅनेजरकडे नेऊन बसवतो. तोवर संध्याकाळ झालेली असते, मुलं कंटाळलेली असतात, आणि आपल्या मते सौदा संपलेला असतो. डीलरची खरी कमाई अनेकदा याच खोलीत होते.

डीलर आपला अर्ज बँकांकडे पाठवतो. बँक त्याला एक दर कळवते, त्याला धंद्यात 'बाय रेट' म्हणतात. त्यावर डीलर आपला दर चढवू शकतो, आणि चढवलेल्या फरकातला मोठा वाटा त्याच्याकडे येतो. बँकेने मूळ कोणता दर दिला होता, हे ग्राहकाला सांगण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही. १९६८च्या 'ट्रुथ इन लेंडिंग' कायद्यामुळे वार्षिक दर कागदावर छापलेला असतो खरा, पण तो चढवून झालेला असतो. वरच्याच कर्जावर, ६० महिन्यांच्याच मुदतीत, दोन टक्के चढले तर महिन्याला तीस डॉलर वाढतात. तीस डॉलरसाठी कोण वाद घालणार? पाच वर्षांत ते १,८०० होतात. भावात दिवसभर भांडून मिळवलेली सूट बहुधा तेवढीच असते.

हा विषय आपल्यासाठी नुसता हिशेबाचा नाही. डिसेंबर २०१३मध्ये ॲलाय या कर्ज देणाऱ्या कंपनीने ग्राहक वित्त संरक्षण ब्युरो आणि न्याय खात्याशी ९ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. डीलरांना दर चढवण्याची मोकळीक दिल्यामुळे कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई व पॅसिफिक द्वीपवंशीय अशा सुमारे २,३५,००० कर्जदारांना तशाच पतीच्या गोऱ्या कर्जदारांपेक्षा जास्त व्याज पडलं, असा सरकारचा आरोप होता. २०१५मध्ये होंडाच्या आणि २०१६मध्ये टोयोटाच्या कर्जकंपनीने अशाच आरोपांवर तडजोडी केल्या. त्यांनी चढवण्याची मर्यादा सव्वा टक्क्यावर आणली, आणि पाच वर्षांहून लांब कर्जांना एका टक्क्यावर. या दोन्ही गाड्या आपल्या हॉलच्या पार्किंगमध्ये किती असतात ते मी सांगायला नको. ब्युरोची यामागची मार्गदर्शक सूचना मात्र अमेरिकी काँग्रेसने २०१८मध्ये रद्द केली. चढवण्याची पद्धत चालूच आहे.

यावर काहींचं उत्तर तयार असतं: "आमचा स्कोअर आठशेच्या वर आहे." असू दे. चांगल्या स्कोअरमुळे बाय रेट खाली येतो. डीलरने त्यावर किती चढवायचं, हे स्कोअर ठरवत नाही. उलट साडेपाचाचे साडेसहा झाले तरी "दर बराच दिसतोय" म्हणून आपण सही करून मोकळे होतो.

दुसरा आक्षेप मला जास्त रास्त वाटतो. डीलर कर्ज मिळवून देतो, कागदपत्रं करतो, मग त्याने का कमवू नये? जरूर कमवावं. पण उघड, ठरावीक शुल्क घेऊन. दर चढवून घेतलेली मजुरी ग्राहकाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या रकमेवर घासाघीस करता येत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त तो शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी करायचा असतो. आपल्या क्रेडिट युनियनकडून किंवा बँकेकडून मंजुरीचं पत्र खिशात ठेवा. चार ठिकाणी अर्ज केला तर स्कोअर घसरेल, ही भीती आपल्याकडे उगाच पसरली आहे. गाडीच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत झालेल्या चौकश्या स्कोअर काढणारी फायको कंपनी एकच धरते. जुन्या पद्धतीत ही मुदत १४ दिवसांची आहे, नव्या पद्धतीत ४५. पत्र हातात असलं की फायनान्स मॅनेजरला एवढंच म्हणायचं: याहून कमी देता का? अनेकदा देतात. करार घाईने करू नका, कारण तीन दिवसांत गाडी परत करता येते ही समजूत चुकीची आहे. घरी येऊन केलेल्या विक्रीला लागू असणारा तो केंद्रीय नियम डीलरच्या जागेवर घेतलेल्या गाडीला लागू होत नाही.

शून्य टक्क्याच्या जाहिरातीचंही असंच आहे. कंपनी बहुधा शून्य टक्का किंवा रोख सवलत, दोन्हींपैकी एक निवडायला सांगते. सवलत २,५०० डॉलरची धरा. कर्ज ३२,०००चं असेल, तर पाच वर्षांत शून्य टक्का साधारण १,८०० डॉलरने स्वस्त पडतो. पण आपल्यातले बरेच जण कर्जाच्या धास्तीने अर्ध्याहून जास्त रक्कम आधीच भरतात. कर्ज १५,०००चंच असेल, तर सवलत घेऊन साडेपाच टक्क्यांनी फेडणं जास्त फायद्याचं. बिनव्याजी म्हटलं की आपण हिशेब करायचं थांबतो.

लीजबद्दल आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, भाड्याच्या गाडीत पैसे घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दुसरा दर तीन वर्षांनी नवी गाडी आणतो आणि पहिल्याला जुन्या वळणाचा समजतो. दोघंही हप्त्यावरूनच भांडतात. लीज हेसुद्धा कर्जच आहे, फक्त तीन वर्षांनंतरची गाडीची किंमत आधीच ठरवलेली असते. ४०,००० डॉलर छापील किमतीची गाडी तुम्ही ३७,०००ला ठरवलीत. कंपनीने ३६ महिन्यांनंतरची किंमत छापील किमतीच्या ५८ टक्के, म्हणजे २३,२०० धरली. फरक १३,८००, महिन्याला ३८३. त्यात व्याज मिळवायचं, आणि इथे 'मनी फॅक्टर' नावाचा एक चिमुकला आकडा येतो, समजा ०.००२०. ३७,००० आणि २३,२०० यांच्या बेरजेला त्याने गुणलं की १२० डॉलर. करांशिवाय हप्ता ५०४.

मनी फॅक्टरला २४००ने गुणा, वार्षिक दर जवळपास कळतो: इथे ४.८ टक्के. डीलर हाही चढवू शकतो. ०.००२०चा ०.००२४ केला, तर तीन वर्षांत सुमारे ८६५ डॉलर वाढतात, आणि चौथ्या दशांश स्थानावरचा फरक कुणाच्या नजरेत येत नाही. १९७६च्या लीज कायद्यानुसार करारात गाडीचा धरलेला भाव, मुदतीअखेरची किंमत आणि व्याजाची एकूण रक्कम लिहावी लागते. दर लिहावा लागत नाही. म्हणून विचारायचा. मुदतीअखेरची किंमत कंपनी ठरवते, तिथे डीलरशी वाद घालून उपयोग नाही. गाडीच्या भावावर मात्र लीजमध्येही घासाघीस करता येते, आणि हेच अनेकांना ठाऊक नसतं.

आणि लीजमध्ये मोठं डाउन पेमेंट करू नका. ३,००० भरले की हप्ता ५०४वरून ४१४वर येतो, ऐकायला छान. गाडी दुसऱ्याच महिन्यात अपघातात निकालात निघाली, तर विम्याचे पैसे लीज कंपनीला जातात. तुमचे ३,००० बहुधा गेले.

नव्याने आलेल्या मुलामुलींची मला जास्त काळजी वाटते. एच-वन-बीची पहिली मंजुरी तीन वर्षांपर्यंतची, लीजही तीन वर्षांची, म्हणून जोडी जमते असं त्यांना सांगितलं जातं. नोकरी गेली, तर हातात साधारण ६० दिवस असतात, आणि लीज मुदतीआधी मोडणं फार महाग पडतं. अशांनी सही करण्याआधी लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का, ते लेखी घ्यावं. काही कंपन्या परवानगी देत नाहीत. इथे पत तयार नसल्यामुळे त्यांच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करायला आपल्यातले काका-मामा पुढे येतात. भावना चांगलीच आहे. पण ती सही शिफारसपत्र नाही, हप्ता थकला तर अख्खं कर्ज त्यांच्या गळ्यात पडतं.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी "चांगला डीलर माहीत आहे का?" विचारतं, आणि खाली हप्त्यांची रांग लागते. तिथे पाच गोष्टी लिहिण्याची पद्धत पाडावी, असा माझा कार्यकारिणीला प्रस्ताव आहे: सगळे कर आणि शुल्कं धरून गाडीचा भाव, व्याजदर किंवा मनी फॅक्टर, मुदत, सुरुवातीला भरलेली रक्कम, आणि लीज असेल तर मुदतीअखेरची किंमत. पगार, स्कोअर, नाव यातलं काही सांगायची गरज नाही. समितीतल्या एकांचं म्हणणं पडलं की इतकं कोण लिहीत बसेल. पण जो हप्ता टाकतो त्याच्याकडे करार असतोच, आणि या पाचही गोष्टी त्याच करारातून मिळतात. मनी फॅक्टर छापलेला नसेल, तर व्याजाच्या रकमेवरून तो काढून द्यायला मी तयार आहे.