यंत्राच्या पोटातली विद्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की येथील मराठी घरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘मुलगा विद्यापीठात जाणार ना?’ त्याने ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे कारखान्यातील उमेदवारी पत्करली असे कळले, की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. ही हळहळ आम्हांला अनाठायी वाटते.

रेगेन्सबर्गची ख्याती बाराव्या शतकातील दगडी पुलाची. पण आज गावाला रोजगार देतात ते १९८६ साली सुरू झालेला बीएमडब्ल्यूचा मोटार-कारखाना आणि इन्फिनिऑनची चिप-निर्मिती यांसारखे उद्योग. मोटारीच्या पोटात आज डझनावारी छोटे संगणक असतात. त्यांचे काम म्हणजेच ‘एम्बेडेड’ विद्या. आमच्यापैकी कित्येकांची चूल तिच्यावरच पेटते.

ही विद्या नुसत्या पुस्तकाने येत नाही. साधे उदाहरण घ्या. मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा आकडा ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. याची दखल न घेता लिहिलेला प्रोग्राम टेबलावर महिनाभर बिनतक्रार चालेल आणि पन्नासाव्या दिवशी दगा देईल. असा दोष पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी चिपची शेकडो पानांची माहितीपुस्तिका वाचावी लागते, ऑसिलोस्कोप लावून विजेची नाडी पाहावी लागते, सोल्डरिंग करताना बोटे पोळून घ्यावी लागतात. प्रोग्राम चुकला की तार सैल आहे, हे ओळखायला वर्षे जातात.

पदवी मिळवून आलेले आमचे तरुण सी भाषा झरझर लिहितात. बोर्ड हाती आला की मात्र बिचकतात. दोष त्यांचा नाही. हाताने करावयाचे काम कमी प्रतीचे, हे आपणच त्यांना शिकविले. साडेतीन वर्षांची इलेक्ट्रॉनिक्सची उमेदवारी करणारा जर्मन मुलगा तेवढ्या काळात वेतन घेतो आणि बोर्डाची भीती घालवून बसतो.

पदवी नको, असे आमचे म्हणणे नाही. गणित आणि नियंत्रणशास्त्र यांवाचून पुढची मजल गाठता येत नाही. येथील तंत्रविद्यापीठात, ओ. टी. एच. मध्ये, उमेदवारी व पदवी जोडीने करण्याची सोयही आहे. पालकांनी तिची चौकशी तरी करावी. आणि एखाद्या मुलाने उमेदवारीच निवडली, तर त्याचेही पेढे तितक्याच आनंदाने वाटावेत.