बियाण्याच्या पिशवीला प्रश्न विचारा

शेतकऱ्याचे पोर "हे असे का?" म्हणून विचारू लागले की आमच्या घरात त्यास उत्तर मिळत नाही, टपली मिळते. "गप बस, फार शहाणा झालास!" पूर्वी पोथी वाचणाऱ्यांनी आम्हास हेच ऐकविले, आता आम्हीच आमच्या लेकरांस ऐकवितो. यात तोटा कोणाचा, हे जालन्याच्या माणसास तरी परगावाहून शिकावयास नको.

जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेले 'पुसा सावनी' भेंडीचे बी आपल्या रानात लाविले. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या रोगास ही जात त्या काळी दाद देत नसे. दुसऱ्या कोणी भाजी विकून विषय संपविला असता. त्यांनी बी धरले, १९६४ साली जालन्यातच महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कोणी म्हणेल, त्यांच्यापाशी पैसा होता. असेल, पैसेवाले जालन्याच्या बाजारात तेव्हाही पुष्कळ होते.

आता आपले पाहू. आमच्या जिल्ह्यात बियाण्याच्या प्लॉटवर बायाबापड्यांचे हात राबतात. संकरित भेंडीचे बी करावयाचे तर संध्याकाळी मादी झाडाची न उमललेली कळी सोलून तिच्यातील पुंकेसर काढावयाचे, सकाळी नर झाडाच्या फुलाचा पराग तिला लावावयाचा. हे काम सोनाराच्या कामाहून सोपे नाही. परंतु मजुरीच्या किती बायांस कोणी सांगितले की, या संकरित पिकाचे बी पुढल्या साली पेरले तर पीक एकसारखे का येत नाही? दोन वाणांचे गुण पहिल्या पिढीत एकत्र येतात, दुसऱ्या पिढीत फुटतात. म्हणून दरसाल दुकानाची पायरी. गहू, हरभरा, सोयाबीनच्या सरळ वाणाचे बी मात्र घरी राखता येते. हे ज्यास कळले, तो दुकानदारापुढे निराळ्या तोंडाने उभा राहतो.

लोहारबंधूंचेही तेच. पोलाद पाण्यात विझविले की कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हा बेताने तापवावे लागते. बाप हे रंग पाहून करी. त्याचे कारण विचारणारा पोरगा कारखान्यातही नुसता हमाल राहणार नाही.

जालन्याजवळ खरपुडीस कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथे बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी घेऊन जावे व विचारावे: हे संकरित की सरळ? उगवण किती टक्के? तपासणी कधीची? आणि जाताना घरधनिणीस बरोबर न्यावे. कळी तीच सोलते.