फौजेतून परतलेलं माणूस घरात असेल तर

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता फौजेत जाऊन आलेली मुलंमुली आहेत. कुणी कॉलेजचा खर्च निघावा म्हणून भरती झाला. कुणी शिकायला आला आणि इथेच वर्दी चढवली. कुणाचा अमेरिकन जावई इराकला जाऊन आलाय. हे लिहिणं त्यांच्या आईवडिलांसाठी, बायकोसाठी, नवऱ्यासाठी, सासूसासऱ्यांसाठी आहे.

आधी थोडं लक्ष ठेवा. रात्री तीनला स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. हॉटेलात गेलं की तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसतो. ४ जुलैचे फटाके सुरू झाले की तळघरात उतरतो. मंडळाच्या दिवाळीला यायचं दर वर्षी काहीतरी निमित्त काढून टाळतो. मुलांवर खेकसतो आणि मग तासभर गॅरेजमधून बाहेर येत नाही. रिसायकलिंगच्या डब्यात बिअरचे कॅन वाढलेले दिसतात.

यातलं एखादं कुणाच्याही घरी असतं. पण तीन-चार गोष्टी एकत्र दिसल्या आणि महिना उलटून गेला, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे अशा वेळी ठरलेले सल्ले मिळतात. देवाचं नाव घे. लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. विपश्यनेला पाठवा. विपश्यनेला माझा विरोध नाही. पण ज्याला डोळे मिटले की युद्धच दिसतं, त्याला दहा दिवस मौनात बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ‘सैनिक असून घाबरतोस?’ हे तर कधीच म्हणू नका. गुडघा दुखला की तो व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या, दवाखान्यात जातोच ना? झोपेसाठीही त्याच दवाखान्यात जाता येतं.

बोलायचं कसं, हा खरा प्रश्न. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर नको. गाडीत बरं पडतं, कारण एकमेकांकडे बघावं लागत नाही. ‘तुला झोप लागत नाही, मी बघते. मी येते तुझ्याबरोबर,’ एवढं पुरे. इराकमध्ये काय झालं ते विचारू नका. सांगायचं तेव्हा तो सांगेल.

फार खचलेला वाटला तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळांना हायसं वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं, किंवा तुम्हालाच शंका वाटली, तर ९८८ फिरवा आणि १ दाबा. ही माजी सैनिकांची लाइन २००७ पासून रात्रंदिवस चालू आहे. बोलवत नसेल तर ८३८२५५ वर मेसेज करता येतो. त्याने व्हीएत नाव घातलेलं नसलं तरी चालतं. आणि घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही, हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसतं.

घरात बंदूक असेल तर पुढचं नीट वाचा. २०२२ साली अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. त्यातल्या दर दहांपैकी सातांहून जास्त जणांचा जीव बंदुकीने गेला. जीव द्यावा असं वाटण्याची ती वेळ पुष्कळदा थोडी असते. तेवढ्या वेळात हाताशी बंदूक नसली तर माणूस वाचतो. बंदूक कुलपात ठेवा, गोळ्या दुसरीकडे ठेवा. बंदुकीला लावायचं कुलूप व्हीएत फुकट मिळतं. त्याच्याशी बोलून, दोघांनी मिळून हे करा. लपवाछपवीने भांडणच होईल.

खर्चाची काळजी करून थांबू नका. जीवावर बेतलं असेल तर १७ जानेवारी २०२३ पासून बहुतेक माजी सैनिकांना जवळच्या कुठल्याही इस्पितळात मोफत उपचार मिळतात. दाखल राहावं लागलं तर ३० दिवसांपर्यंत, आणि बाहेरून उपचार ९० दिवसांपर्यंत.

एवढी वेळ आलेली नसेल तर व्हेट सेंटर गाठा. व्हिएतनामहून परतलेल्यांसाठी १९७९ मध्ये ही केंद्रं सुरू झाली. आज देशभर सुमारे ३०० आहेत. युद्धभूमीवर राहून आलेल्यांना तिथे पैसे पडत नाहीत. तिथले पुष्कळ समुपदेशक स्वतः फौजेतले असतात. बायकामुलांनाही तिथे बोलता येतं.

‘नोकरी जाईल’, ‘सिक्युरिटी क्लिअरन्स जाईल’, ही भीती तो बोलून दाखवेल. नुसते उपचार घेतले म्हणून क्लिअरन्स जात नाही. व्हेट सेंटरमधलं बोलणंही त्याच्या संमतीशिवाय फौजेला किंवा मालकाला कळवत नाहीत. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

तरीही तो नाहीच म्हणाला, तर व्हीएची ‘मेक द कनेक्शन’ ही मोहीम आहे, २०११ पासूनची. तिच्या व्हिडिओंत नट नाहीत. खरे माजी सैनिक कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात की आपलं काय बिनसलं होतं आणि कशाने बरं वाटलं. एकाची लिंक त्याला पाठवा आणि गप्प बसा. पाहिलंस का, म्हणून रोज विचारू नका. आईचं ऐकत नाही ते माणूस पलटणीतल्याचं ऐकतं.

उपचार म्हणजे जन्मभर गोळ्या, असंही नाही. बोलून करायच्या एका पद्धतीत साधारण बारा बैठका असतात. बैठकीच्या दिवशी मुलं तुम्ही सांभाळा, गाडी तुम्ही चालवा.

आणि तुमचे स्वतःचे वडील साताऱ्यात किंवा बेळगावात फौजेची पेन्शन घेत असतील, तर त्यांच्यासाठी टेलीमानस या भारतातल्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.

आत्ता फोन हातात आहे, तोवर ९८८ साठवून घ्या. नावाच्या जागी लिहा, ‘मग १ दाबा’. सुनेच्या फोनमध्येही घाला. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला इथलं सिम घेऊन द्या आणि तिच्याही फोनमध्ये घाला. रात्री तीनचा तो दिवा बहुतेक वेळा तिलाच आधी दिसतो.