शत्रूच्या भुयारातूनही युद्ध दिसते



शत्रूच्या सैनिकांच्या नजरेतून युद्धपट काढणे हा आपल्या हुतात्म्यांचा अपमान आहे, असे मत एका वाचकाने याच सदरात मांडले आहे. त्यामागची भावना मला कळते. आमच्या सातारा जिल्ह्यात मिलिटरीत पोरगा नाही असे गाव सापडणे कठीण. तरीही हे मत पटत नाही.

क्लिंट ईस्टवुड यांनी २००६ साली दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमा बेटावरच्या लढाईवर दोन चित्रपट आणले. ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ अमेरिकनांच्या बाजूने आणि ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ जपान्यांच्या बाजूने, तोही जपानी भाषेत. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या लढाईत सुमारे ६,८०० अमेरिकन कामी आले होते. तरी दुसऱ्या चित्रपटाला अमेरिकेतच सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचे नामांकन मिळाले.

अशा चित्रपटांत शत्रूची पापे धुतली जातात, असा आक्षेप असतो. जपानी सैन्याने केलेली नानजिंगची १९३७ ची कत्तल ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’मध्ये येत नाही, हे खरे. पण म्हणून जपानी राजवट सुटलेली नाही. त्यातला सैनिक साइगो हा मूळचा साधा बेकरीवाला. लष्करी पोलीस आधी त्याच्या दुकानातला माल उचलतात, मग भट्टीचे सामान, आणि शेवटी त्यालाच सैन्यात बोलावणे येते. घरी बायको गरोदर. भुयारात त्याचाच अधिकारी माघार घेण्याऐवजी हातबॉम्ब छातीशी धरून मरायचा हुकूम देतो आणि साथीदार एकेक करून तसे मरतात. हे पाहून त्या लष्करशाहीची चीडच येते. शत्रू म्हणजे आरडाओरडा करत येणारा आणि गोळी लागून पडणारा, एवढेच जिथे दाखवतात, तिथे त्याला मरायला धाडणारे मात्र नामानिराळे राहतात.

त्या धाडणाऱ्यांनाच असे चित्रपट खुपतात. जर्मन सैनिकांची व्यथा मांडणारा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ १९३० साली अमेरिकेत तयार झाला. डिसेंबरात तो बर्लिनला लागला, तेव्हा नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडून खेळ उधळला. आठवडाभरात त्यावर बंदी आली. जर्मन सैनिकाची कणव करणारा चित्रपट जर्मन युद्धखोरांनीच बंद पाडला.

आपल्याला ही दृष्टी परकी नाही. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कौरवांकडून लढलेल्या कर्णाला बोलते केले, दुर्योधनालाही स्वतःची बाजू मांडू दिली. ती कादंबरी वाचून कोणी पांडवांचा वैरी झाल्याचे ऐकिवात नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे त्यांचे नावच) मारले गेले. आपल्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची चिठ्ठी लिहून मृतदेहाच्या खिशात ठेवली. पुढे पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-हैदर’ दिले. समोरासमोर लढलेल्या अधिकाऱ्याला जे करताना संकोच वाटला नाही, ते पॉपकॉर्न खात सिनेमा पाहणाऱ्याला का बोचावे?

उद्या एखाद्या मराठी निर्मात्याने असा चित्रपट काढायचे धाडस केलेच, तर एकच विनंती : आधी तिकीट काढून पाहा, मोर्चाचे नंतर ठरवा.

– एक वाचक, सातारा